अखेरच्या आजाराची वसीयत

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये (आयत १३३) आदरणीय याकूब (अलै.) यांच्या अखेरच्या घटकेचा उल्लेख आहे. मृत्यू समोर उभा असताना त्यांनी आपल्या मुलांना एकत्र केले आणि आपल्या पश्चात ते कोणाची उपासना करतील, हे त्यांच्या तोंडून वदवून घेतले. मुलांनी एका अल्लाहचीच उपासना करू असे उत्तर दिले. हा प्रसंग वाचताना आपले लक्ष साहजिकच तौहीदच्या शिकवणीकडे जाते. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. पिता मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलत आहे, मुले ऐकत आहेत, आणि कोणीही त्यांना ‘असे अशुभ बोलू नका’ म्हणून गप्प करीत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहा. वयोवृद्ध अब्बा किंवा अम्मी आपल्या मृत्यूचा विषय काढू लागल्या की मुलगा म्हणतो, ‘अल्लाह तुम्हाला दीर्घायुष्य देवो, हा विषय नको.’ विषय तेथेच संपतो. पुढे एखाद्या रात्री तीच व्यक्ती बेशुद्धावस्थेत अतिदक्षता विभागात असते. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का? हृदय थांबले तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का? सही कोण करणार?’ थोरला मुलगा कुवेतमध्ये, मधला पुण्यात, मुलगी सासरी. एक म्हणतो काहीही करा पण वाचवा, दुसरा म्हणतो आता त्यांना त्रास नको. ज्यांच्याविषयी हा निर्णय घ्यायचा आहे त्यांना काय हवे होते, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. सही करणारा मुलगा पुढे कित्येक वर्षे स्वतःलाच विचारत राहतो की, मी अब्बांना वाचवले नाही का? की मी त्यांना विनाकारण यातना दिल्या?

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या दारी येतो. त्याविषयी शरीअतचे मार्गदर्शन काय आहे, देशाचा कायदा काय म्हणतो आणि एका मुस्लिम कुटुंबाने वेळीच कोणती तयारी करावी, याचा विचार या लेखात करू या.

तयारी तवक्कुलच्या विरोधात नाही

मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे, मग आधीपासून नियोजन कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. आपण कोणत्या भूमीवर मरणार हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत (३४) सांगितले आहे. पण ज्या शरीअतने हे शिकवले, तिनेच वसीयतीची ताकीदही केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फर्मावले की, ज्या मुस्लिमाजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लेखी स्वरूपात जवळ असल्याखेरीज दोन रात्रीही काढू नयेत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि ती सांगणारे आदरणीय अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) आहेत. मृत्यूची वेळ ठाऊक नाही, म्हणूनच लिहून ठेवायचे आहे. वेळ ठाऊक असती तर घाई कशाची होती?

सामान्यतः वसीयत म्हटली की आपण जमीन, घर आणि दागिने यांचाच विचार करतो. संपत्तीपेक्षा मोठी अमानत म्हणजे हे शरीर आणि त्यातील प्राण. त्या अमानतीविषयी अखेरच्या दिवसांत काय व्हावे, हे सांगून ठेवणे वसीयतीच्या आशयाशी सुसंगतच आहे.

लदूदची घटना : रुग्णाचा इशारा

प्रेषितांच्या अखेरच्या आजारातील एक घटना या संदर्भात प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आदरणीय आयशा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) आजाराने क्षीण झाले होते. घरच्यांनी त्यांना ‘लदूद’ दिले. लदूद म्हणजे तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत सोडायचे औषध. प्रेषितांनी हाताने इशारा करून ते देऊ नका असे सुचवले. घरच्यांना वाटले, रुग्णाला औषध नकोसे वाटतेच, त्यातलाच हा प्रकार असावा. त्यांनी औषध दिले. प्रेषित शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी, मी मनाई केली नव्हती का, असे विचारले. नंतर घरात जे जे हजर होते त्या सर्वांना तेच औषध देण्यास त्यांनी सांगितले. केवळ आदरणीय अब्बास (रजि.) वगळले गेले, कारण ते त्या वेळी तेथे नव्हते. ही घटना सहीह बुखारीत आहे.

घरच्यांच्या हेतूत येथे काहीच खोट नव्हती. त्यांचे प्रेम निःसंशय होते. तरीही रुग्णाने व्यक्त केलेली इच्छा बाजूला सारून, त्याला काय हवे ते आम्हालाच कळते असे गृहीत धरणे प्रेषितांना मान्य झाले नाही. आज आपल्याकडे हेच घडते. अम्मी मान हलवून नाकात नळी नको म्हणतात आणि आपण म्हणतो, ‘त्यांना कळत नाही.’ कधीकधी खरोखरच कळत नसते. ताप, गुंगी किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे रुग्णाची विचारशक्ती हरपलेली असते. म्हणून तर शुद्धीत असतानाचा स्पष्ट शब्द आधीच घेऊन ठेवायचा. मग त्या अखेरच्या इशाऱ्याचा अर्थ लावण्याचे ओझे घरच्यांवर पडत नाही.

उपचार करणे कितपत बंधनकारक?

इस्लामने उपचार घेण्यास प्रोत्साहन दिले आहे. ग्रामीण अरबांनी औषधोपचाराविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी उपचार घेण्यास सांगितले आणि वार्धक्याखेरीज अल्लाहने असा आजार निर्माण केला नाही ज्याचा इलाज नाही, असे स्पष्ट केले. या हदीसमध्ये आशा आहे आणि मर्यादाही आहे. वार्धक्याला औषध नाही, हे तेथेच सांगून टाकले आहे.

दुसरीकडे अपस्माराचा त्रास असलेल्या एका महिलेची हदीस आहे. तिने प्रेषितांकडे दुआची विनंती केली. प्रेषितांनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले : सब्र केलास तर जन्नत आहे, आणि तुझी इच्छा असेल तर मी तुझ्या आरोग्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. झटका आला की माझे अंग उघडे पडते, तेवढे होऊ नये अशी दुआ करा, एवढेच तिने मागितले, आणि प्रेषितांनी तशी दुआ केली. ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. प्रत्येक आजारात प्रत्येक उपचार घेणे बंधनकारक असते, तर हा पर्याय तिच्यापुढे ठेवलाच गेला नसता, असा निष्कर्ष अनेक विद्वानांनी यावरून काढला आहे. तिची लाजलज्जेविषयीची काळजीही ऐकली गेली, हेही आपण विसरू नये.

फुकहांनी या विषयाची फार सूक्ष्म मांडणी केली आहे. औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा आलमगीरी’ या हनफी ग्रंथात हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन प्रकार केले आहेत. पहिला, ज्याचा परिणाम निश्चित आहे, जसे तहानेला पाणी आणि भुकेला भाकर. प्राण जाण्याची भीती असताना हे सोडणे हराम आहे. दुसरा, ज्याचा परिणाम संभाव्य आहे. बहुतेक औषधे यात येतात. तिसरा, ज्याचा परिणाम केवळ कल्पनेतला आहे. दुसऱ्या प्रकारातील उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, आणि तो न घेता मृत्यू आला तर मनुष्य गुन्हेगारही ठरत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आहेत. त्या मसलकातही उपचार घेणे सामान्यतः सुन्नत मानले गेले आहे.

आधुनिक वैद्यकाने अनेक उपचारांना पहिल्या प्रकाराजवळ नेऊन ठेवले आहे, हे मात्र लक्षात घ्यावे लागेल. आतड्याला पीळ पडल्यावरची शस्त्रक्रिया किंवा गंभीर जंतुसंसर्गावरील प्रतिजैविक यांचा लाभ आज जवळजवळ निश्चित असतो. म्हणूनच जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्ये ठरावाद्वारे सांगितले की, उपचार सोडल्याने प्राण किंवा अवयव जाणार असेल, अपंगत्व येणार असेल किंवा रोग इतरांना लागणार असेल, तर उपचार करणे वाजिब आहे. इतर परिस्थितींत तो मनदूब, मुबाह किंवा मकरूहही असू शकतो. त्याच ठरावात सज्ञान व शुद्धीतील रुग्णाची परवानगी आवश्यक मानली आहे. तो सक्षम नसेल तर वलीची परवानगी हवी, पण वलीचा नकार रुग्णाला उघड हानी पोहोचवणारा असेल तर तो ग्राह्य नाही. प्राण धोक्यात असलेल्या तातडीच्या प्रसंगी परवानगीसाठी थांबण्याची गरज नाही.

म्हणजे ‘सब्र’ या शब्दाआड बऱ्या होणाऱ्या आजाराकडे दुर्लक्ष करता येणार नाही. सत्तर वर्षांच्या आजीला न्यूमोनिया झाला आणि औषधाने ती बरी होणार असेल, तर ‘आता वय झाले’ म्हणून तिला घरी ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

जीव घेणे आणि मृत्यूची वाट न अडवणे

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आजार असाध्य आहे, शरीराचे अवयव एकेक करून थांबत आहेत आणि यंत्रे केवळ मरणाची घटका लांबवत आहेत, अशी स्थिती तज्ज्ञांनी सांगितली तर काय करावे?

यात दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली, यातना संपाव्यात म्हणून इंजेक्शन देऊन किंवा अन्य मार्गाने जीव घेणे. हे सर्व उलेमांच्या मते हराम आहे. सूरह अन-निसाची आयत २९ स्वतःचा घात करण्यास मनाई करते. वेदना असह्य झाल्या म्हणून स्वतःचा हात कापून घेणाऱ्या आणि रक्तस्रावाने मरण पावलेल्या जखमी माणसाविषयी बुखारीतील हदीसमध्ये कठोर इशारा आहे. कष्टाला कंटाळून मृत्यूची इच्छा करण्यासही प्रेषितांनी मनाई केली. अगदीच राहवत नसेल तर, जोवर जगणे माझ्या हिताचे तोवर मला जगव आणि मरण हिताचे असेल तेव्हा मृत्यू दे, अशा आशयाची दुआ करण्यास शिकवले. भारतीय कायद्यानेही अशा रीतीने जीव घेण्यास परवानगी दिलेली नाही.

दुसरी गोष्ट, लाभाची आशा उरली नसताना निष्फळ उपचार सुरू न करणे किंवा सुरू केलेले थांबवणे. येथे मृत्यू आजारामुळे येतो, माणसाच्या हाताने नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथील अधिवेशनात ठरवले की, मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आहे आणि ते परत येणार नाही असे तज्ज्ञ डॉक्टरांनी निश्चित केले, तर हृदय यंत्राच्या साहाय्याने चालू असले तरी ती यंत्रे काढता येतात. मक्का येथील फिकह परिषदेने १९८७ मध्ये अशा स्थितीत तीन तज्ज्ञ डॉक्टरांच्या निर्णयानंतर यंत्रे काढण्यास अनुमती दिली. मात्र शरई दृष्ट्या मृत्यूचे हुकूम हृदय व श्वास पूर्ण थांबल्यानंतरच लागू होतील असे म्हटले. सौदी अरबच्या फतवा समितीनेही हिजरी १४०९ मध्ये, आजार असाध्य असून मृत्यू अटळ आहे असा तीन विश्वासू तज्ज्ञांचा निर्वाळा असेल, तर हृदय पुन्हा सुरू करण्याची यंत्रे वापरणे आवश्यक नाही, असा फतवा दिला. हा निर्णय घरच्यांच्या थकव्यावर सोपवलेला नाही, तर जाणकार डॉक्टरांच्या निदानाशी जोडलेला आहे, ही यातील महत्त्वाची बाब आहे.

अन्न आणि पाणी यांच्याविषयी विशेष दक्षता हवी. फुकहांनी त्यांना औषधांपासून वेगळे मानले आहे, हे वर आलेच आहे. म्हणून रुग्णाचे अन्नपाणी तोडून त्याला मरू देणे बहुसंख्य उलेमा नामंजूर करतात. मात्र अखेरच्या काही तासांत शरीरच अन्न स्वीकारत नाही, घास घशात अडकतो, नळीतून दिलेले फुफ्फुसात जाते. अशा वेळी ओठ ओले करणे, चमच्याने दोन थेंब पाणी देणे एवढेच हितकर असते. नेमक्या परिस्थितीत काय करावे हे डॉक्टर आणि आपल्या मसलकाचे मुफ्ती या दोघांना विचारूनच ठरवावे.

वेदनाशमनाविषयीचा गैरसमजही दूर व्हावा. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिनसारखी औषधे वैद्यकीय गरजेपुरती, योग्य मात्रेत घेणे उलेमांनी जायज ठरवले आहे. वेदना सहन करणाऱ्याला अज्र आहे. पण वेदना कमी करण्याचे साधन हाताशी असताना दुसऱ्याला तडफडू देण्यात अज्र नाही. बरे करणे शक्य नसलेल्या रुग्णाच्या वेदना, दम लागणे, भीती यांवर उपचार करणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तसा विभाग आहे आणि मुंबईतच वांद्रे येथे १९८६ पासून ‘शांती अवेदना सदन’ अशा रुग्णांची शुश्रूषा करीत आहे. व्हेंटिलेटर नको म्हणणे याचा अर्थ सेवा नको असा होत नाही. उलट, येथून पुढे सेवेची गरज वाढते.

रुग्णापासून सत्य लपवू नका

आपल्याकडे निदान रुग्णापासून लपवण्याची रीत आहे. डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘अब्बांना सांगू नका’ म्हटले जाते. यामागे दया असते, पण तिचा परिणाम असा होतो की, माणसाला कर्ज फेडण्याची, माफी मागण्याची, राहिलेल्या रोजांचा फिदया देण्याची, वसीयत करण्याची संधीच मिळत नाही.

दुसरे खलीफा आदरणीय उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचे वार झाले, तेव्हा त्यांना पेय पाजण्यात आले आणि ते जखमेतून बाहेर आले. वैद्याने त्यांना वसीयत करून घेण्यास स्पष्ट सांगितले. आदरणीय उमर (रजि.) यांनी त्याचा राग मानला नाही. त्यांनी मुलाकडून आपल्या कर्जाचा हिशेब करवून घेतला. ते सुमारे शहाऐंशी हजार भरले, आणि ते कोठून फेडायचे हे सांगितले. प्रेषितांच्या शेजारी दफन होण्यासाठी आदरणीय आयशा (रजि.) यांची परवानगी मागवली. पुढील खलीफा निवडण्याचे काम सहा जणांवर सोपवले. सत्य वेळीच कळले म्हणून ते अखेरचे दिवस एवढे अर्थपूर्ण झाले. सत्य हळुवार शब्दांत सांगावे, आशेसह सांगावे, रुग्णाला जेवढे ऐकायचे आहे तेवढेच सांगावे. पण त्याचा हा हक्क हिरावून घेऊ नये.

देशाचा कायदा काय सांगतो?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा प्रथमच सविस्तर विचार केला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लोक ज्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात त्याला, मान्यता दिली. त्याची प्रक्रिया फार किचकट होती, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली.

आता कोणतीही सज्ञान व मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्ती स्वेच्छेने असे इच्छापत्र लिहू शकते. त्यावर दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी लागते आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे लागते. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने निर्णय देणाऱ्या विश्वासू नातलगांची नावे त्यात लिहायची असतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबई महानगरपालिकेने असे अधिकारी नेमले आहेत. इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते.

हे इच्छापत्र रुग्ण शुद्धीत असेपर्यंत लागू होत नाही; तोवर त्यालाच विचारले जाते. आजार असाध्य असेल आणि रुग्ण निर्णय देण्यास असमर्थ असेल, तेव्हाच त्याचा विचार होतो. त्या वेळीही रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर व किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, आपले मत देते. नंतर दुसरे मंडळ त्याची फेरतपासणी करते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा आणि अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावे, असा नियम आहे. इच्छापत्र नसेल तरी नातलगांच्या संमतीने याच दोन मंडळांमार्फत निर्णय होऊ शकतो. फक्त तेव्हा सर्व भार नातलगांवर येतो.

सूरह अल-माइदाच्या आयत १०६ मध्ये मृत्यू जवळ आल्यावर वसीयतीच्या वेळी दोन न्यायी साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे. कायद्यानेही दोन साक्षीदार आणि तज्ज्ञांचा निर्णय आवश्यक ठरवले आहे. तेव्हा शरीअतच्या मर्यादेत राहून हे इच्छापत्र लिहिण्यास मुस्लिमाला अडचण वाटण्याचे कारण नाही.

काय लिहावे?

प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती वेगळी असते, तरी पुढील मुद्दे लिखाणात असावेत :

१. मी मुस्लिम आहे. माझ्याविषयीचे सर्व निर्णय शरीअतच्या मर्यादेत व्हावेत. जीव घेण्याच्या हेतूने काहीही केले जाऊ नये.

२. बरे होण्याची वाजवी आशा असेपर्यंत सर्व आवश्यक उपचार करावेत. काही दिवसांसाठी व्हेंटिलेटर लावून पाहणे हितकर असेल तर तेही करावे.

३. आजार असाध्य असून उपचार केवळ मरण लांबवत आहेत असे तज्ज्ञांनी ठरवले, तर छाती दाबून हृदय सुरू करणे, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांपैकी काय हवे, काय नको.

४. वेदनाशमन, स्वच्छता आणि शक्य तोवर अन्नपाणी चालू ठेवावे.

५. माझ्या वतीने कोण बोलेल. तो न भेटल्यास दुसरा कोण. शरई सल्ला कोणत्या आलिमांकडून घ्यावा. परदेशात राहणाऱ्या मुलाला पहिला प्रतिनिधी करण्यापूर्वी, रात्री दोन वाजता रुग्णालयात कोण पोहोचू शकेल याचाही विचार करावा.

६. परद्याची काळजी घ्यावी. शक्य असेल तेथे महिलेची शुश्रूषा महिलेने करावी. नमाजच्या वेळा सांगाव्यात, वजू शक्य नसेल तर तयम्मुम करवावा. पडल्या पडल्या इशाऱ्यानेही नमाज होते.

७. अखेरच्या घटका घरी काढायच्या की रुग्णालयात. जवळ कोणी असावे, हळू आवाजात कलिम्याची आठवण कोण देईल, किब्ल्याकडे तोंड करून द्यावे.

याच कागदासोबत आर्थिक वसीयतही पूर्ण करावी. देणी, न दिलेली महर, लोकांच्या ठेवी, राहिलेले रोजे व हज यांची नोंद असावी. वारसांखेरीज इतरांसाठी करायची वसीयत संपत्तीच्या एक तृतीयांशापुढे जाऊ नये, आदरणीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना त्यांच्या आजारपणात प्रेषितांनी हीच मर्यादा सांगितली होती आणि एक तृतीयांश हेही पुष्कळ आहे असे म्हटले होते.

विषय कसा काढावा?

आई-वडिलांशी हे बोलणे अवघड जाते. सूरह बनी इसराईलच्या आयत २३ मध्ये त्यांच्यापुढे ‘उफ’ही न म्हणण्याची आज्ञा आहे, मग मृत्यूविषयी कसे विचारावे? उत्तर असे की, विचारणे हा अनादर नाही. न विचारता त्यांच्या शरीरावर निर्णय लादणे हा अनादर ठरू शकतो. ‘अब्बा, तुमची सेवा तुमच्या मनासारखी व्हावी असे वाटते, तुम्ही सांगा,’ एवढ्या शब्दांनी सुरुवात होऊ शकते. त्याहून उत्तम म्हणजे वडीलधाऱ्यांनी स्वतःच विषय काढावा. चाळिशी-पन्नाशीतील मुलाने प्रथम स्वतःचा कागद लिहून वडिलांना दाखवावा; मृत्यू वय पाहून येत नाही.

सूरह अश-शूराच्या आयत ३८ मध्ये परस्पर सल्लामसलतीने कामे करणे हे श्रद्धावंतांचे लक्षण सांगितले आहे. मुली व सुना यांनाही त्या बैठकीत बसवा. रुग्णाची प्रत्यक्ष सेवा बहुधा त्याच करतात आणि त्याच्या मनातले त्यांनाच अधिक ठाऊक असते. जे ठरेल ते सर्वांसमोर वाचून दाखवा. एखाद्याला आक्षेप असेल तर तो त्याच वेळी, मूळ व्यक्तीच्या देखत मांडला जावा. तसे झाले तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात भावंडांमध्ये वाद होणार नाही, आणि दफनानंतर एकमेकांकडे पाठ फिरवण्याची वेळही येणार नाही.

आणि ज्यांनी अशा रात्री, कोणताही कागद हाती नसताना, डॉक्टरांचे ऐकून, अल्लाहचे भय मनात ठेवून सही केली आहे, त्यांनी स्वतःला गुन्हेगार मानू नये. कर्मे हेतूंवर अवलंबून असतात आणि अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. त्यांनी आपल्या दिवंगतांसाठी मगफिरतची दुआ करावी आणि आपल्या मुलांना मात्र त्या रात्रीपासून वाचवावे. येत्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर जेवायला बसाल तेव्हा हा विषय काढा, आणि उठण्यापूर्वी पहिली ओळ लिहून ठेवा.

अल्लाह आपल्याला आरोग्यासह आयुष्य, ईमानसह मृत्यू आणि आपल्या आई-वडिलांच्या अमानतीचे जतन करण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.